बायोस उडाला म्हणजे बोर्ड मेला असे नव्हे

दुकानदाराची खातेवही आता कपाटात नसते, ती लॅपटॉपमध्ये असते. व्यापार कापडाचा असो, लाकडाचा असो की आंब्याचा, उधारी, मालसाठा, जीएसटीची विवरणे सारे त्या एका पेटीत कोंडलेले असते. ती पेटी एखाद्या सकाळी उघडेनाशी झाली की व्यापाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. आणि ती दुरुस्त करणारा कारागीर न तपासताच 'बोर्ड गेला' म्हणून मोकळा झाला, तर व्यापाऱ्याचे हजारो रुपये जातात आणि कारागिराची पत जाते. लॅपटॉपचे फर्मवेअर म्हणजेच बायोस पेनड्राइव्हवरून बदलताना जो घोटाळा होतो, तो या प्रकारात अग्रक्रमाने येतो. आमच्या समाजातील अनेक तरुण मोबाइल दुरुस्तीतून लॅपटॉपच्या दुरुस्तीकडे वळले आहेत. त्यांना आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आज या विषयावर थोडे तपशिलाने लिहीत आहोत.

आधी पाहण्यातली एक हकीकत सांगतो.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमच्या परिचयाचे एक प्लायवूड व हार्डवेअरचे व्यापारी आहेत. जुलै २०२१ च्या महापुरात त्यांच्या दुकानात पाणी शिरले आणि पंधरा वर्षांच्या वह्या चिखलात गेल्या. कोणाकडून किती येणे आहे हे त्यांना लोकांच्या इमानावर सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी सगळा हिशेब लॅपटॉपवर नेला. "आता पाणी आले तर लॅपटॉप उचलायचा आणि माळ्यावर जायचे," असे ते आम्हाला मोठ्या समाधानाने सांगत.

त्या लॅपटॉपला एक खोड होती. झाकण मिटून पुन्हा उघडले की पडदा काळाच राही. नव्या फर्मवेअरमध्ये हा दोष काढला आहे, असे कंपनीच्या माहितीपत्रात मुलाने वाचले. त्याने फाइल आपल्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेतली, पण लॅपटॉपने 'फाइल सापडत नाही' असे उत्तर दिले. मग घरातला जुना ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावला आणि काम सुरू झाले. पट्टी शेवटपर्यंत गेली, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला, पंखा जोराने फिरू लागला आणि पडदा मात्र काळा. चार-पाच मिनिटे वाट पाहून मुलाने घाबरून पॉवरचे बटण दाबून धरले. त्यानंतर दिवा लागे, पंखा फिरे, पण पडद्यावर काही येईना.

महिन्याची १७ तारीख होती. जीएसटीचे विवरण २० तारखेच्या आत भरायचे होते. एका दुकानात दाखवले तर पाच मिनिटांत निकाल मिळाला, "बोर्ड गेला, शेठ. चौदा हजार पडतील. डाटाची हमी नाही." आमच्या सांगण्यावरून ते दुसऱ्या एका तरुण कारागिराकडे गेले. त्याने पाना हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारले. "चाचा, हे बंद पडले तेव्हा नेमके काय चालले होते? फाइल कोणत्या मॉडेलची होती? आणि तो पेनड्राइव्ह अजून तसाच आहे का?" पुढे काय झाले ते ओघात सांगूच. पण हे तीन प्रश्न म्हणजेच या दुरुस्तीचे निम्मे काम आहे.

बायोस म्हणजे नेमके काय?

लॅपटॉपच्या बोर्डवर आठ पायांची एक छोटी चिप असते. आजकाल ती बहुधा ८, १६ किंवा ३२ एमबीची असते. बटण दाबल्यावर सर्वांत आधी त्या चिपमधला मजकूर वाचला जातो. रॅम कुठे आहे, डिस्क कुठे आहे, पडदा कसा लावायचा, हे सारे तो मजकूर ठरवतो आणि मगच विंडोजच्या हाती कारभार देतो. त्यामुळे त्या चिपमधला मजकूर बिघडला की बोर्डवरचे सर्व भाग धडधाकट असूनही लॅपटॉप मुका होतो. दुकानाचा माल जागेवर आहे, पण कुलपाची किल्ली वाकली, असाच हा मामला आहे.

जुन्या वाचकांना २६ एप्रिल १९९९ आठवत असेल. त्या दिवशी 'सीआयएच' किंवा 'चेर्नोबिल' नावाच्या व्हायरसने अनेक देशांत संगणक बंद पाडले. तो डिस्कवरचा मजकूर तर पुसायचाच, पण अनेक संगणकांतील बायोसच्या चिपवर रद्दी लिहून ठेवायचा. तेव्हाही अनेकांनी बोर्ड फेकून दिले आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनी चिप पुन्हा लिहून तेच बोर्ड चालू केले. साधने बदलली, पण धडा तोच आहे.

बिघाड तीन प्रकारचा असतो

'अपडेट फसले' एवढे सांगून भागत नाही. कुठे फसले हे पाहावे लागते.

पहिला प्रकार म्हणजे लॅपटॉपने पेनड्राइव्ह किंवा फाइल घेतलीच नाही. यात चिपवर एक अक्षरही लिहिले गेलेले नसते. लॅपटॉप पूर्वीसारखाच चालू होतो. घाबरण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार म्हणजे लिहिणे सुरू झाले आणि मध्येच तुटले. वीज गेली, पेनड्राइव्ह हलला किंवा कोणी बटण दाबले. आमच्या व्यापाऱ्याचा प्रकार हाच होता.

तिसरा प्रकार म्हणजे अपडेट नीट झाले, पण नंतर विंडोज चालू होईना किंवा कसलेसे आकडे मागू लागले. यात बोर्डही ठीक असतो आणि बायोसही ठीक असतो, अडचण पुढच्या दारावर असते.

या तिन्हींचे औषध वेगळे आहे. पहिल्याला दुसऱ्याचे औषध दिले तर धडधाकट लॅपटॉप आजारी पडतो.

पेनड्राइव्ह दिसत नाही, फाइल घेत नाही

पहिल्या प्रकारात दोष बहुतेक वेळा पेनड्राइव्हच्या मांडणीत असतो. बायोसला पेनड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो. बाजारात मिळणारे ६४ जीबी व त्यापुढचे पेनड्राइव्ह बहुधा 'एक्सफॅट' पद्धतीचे असतात आणि विंडोजच्या फॉरमॅटच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीहून मोठ्यांसाठी फॅट३२ चा पर्याय सहसा दिसत नाही. म्हणून जुना ४, ८ किंवा १६ जीबीचा पेनड्राइव्ह या कामासाठी राखून ठेवावा. त्यावर एकच भाग असावा आणि दुसरी कोणतीही फाइल नसावी. तो थेट लॅपटॉपच्या खाचेत लावावा, मध्ये हब किंवा लांब वायर नको. एका खाचेत दिसला नाही तर दुसऱ्या खाचेत लावून पाहावा.

त्यानंतर फाइल पाहावी. कंपनीकडून आलेली फाइल झिपमध्ये असेल तर ती उलगडून घ्यावी लागते. काही मॉडेलना विंडोजमध्ये चालणारी फाइल जशीच्या तशी चालते, काहींना तिच्या आतली मूळ फाइल काढून द्यावी लागते. डेलच्या लॅपटॉपवर चालू होताना एफ१२ दाबल्यावर 'बायोस फ्लॅश अपडेट' हा पर्याय येतो, तिथे कंपनीची फाइल थेट निवडता येते. अनेक आसुस लॅपटॉपमध्ये हेच काम 'ईझी फ्लॅश' नावाच्या सोयीतून होते.

नाव आणि मॉडेल यांत चूक नको. वरच्या झाकणावरचे नाव पुरेसे नसते. एकाच नावाखाली इंटेलचा एक व एएमडीचा एक असे निरनिराळे बोर्ड असतात. खालच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक किंवा सिरियल क्रमांक पाहूनच फाइल उतरवावी, आणि ती कंपनीच्याच ठिकाणाहून उतरवावी. उतरवलेली फाइल वाटेत बिघडली नाही ना, हे पाहण्यासाठी काही कंपन्या तिचा 'शा-२५६' ठसा देतात. तो विंडोजमध्ये काढून अक्षरे जुळवता येतात. दोन मिनिटांचे काम आहे, पण फार थोडे जण ते करतात.

फाइल बरोबर असूनही नकार आला तर पुढील कारणे पाहावीत. बॅटरी फार उतरलेली आहे किंवा निकामी झाली आहे. चार्जर लावलेला नाही, किंवा मूळ कंपनीचा नाही. डेलच्या पुष्कळ लॅपटॉपना चार्जरची शक्ती त्याच्या पिनमधून कळते आणि ती कळली नाही तर ते अपडेट नाकारतात. बायोसला पासवर्ड आहे. देऊ केलेली फाइल आधीच्याहून जुनी आहे आणि मागे जाण्यास कंपनीने बंदी घातली आहे. काही वेळा फार जुन्या आवृत्तीवरून थेट नव्यावर जाता येत नाही, मधली एक पायरी आधी चढावी लागते. हे सारे त्या फाइलसोबतच्या माहितीपत्रात लिहिलेले असते.

लॅपटॉप जेव्हा 'नाही' म्हणतो तेव्हा तो बहुधा स्वतःला वाचवत असतो. अशा वेळी जबरदस्तीने लिहिण्याच्या क्लृप्त्या करू नयेत.

मध्येच अडकले तर आधी थांबा

या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान घाईने होते. बायोस बदलताना पडदा काळा होणे, पंखा पूर्ण वेगाने फिरणे, लॅपटॉप आपोआप दोन-तीन वेळा बंद-चालू होणे हे सर्व नेहमीचे आहे. एकाच फाइलमधून बोर्डवरच्या निरनिराळ्या भागांचे फर्मवेअर एकामागून एक बदलले जाते. काम संपल्यावर पहिल्यांदा चालू होताना रॅमची नव्याने ओळख करून घेण्यात आणखी काही मिनिटे जातात. म्हणून पडदा काळा झाला तरी निदान अर्धा तास बटणाला हात लावू नये. अपडेट सुरू करण्याआधी बॅटरी भरलेली असावी आणि चार्जर शक्यतो इन्व्हर्टरच्या खाचेत असावा. पावसाळ्यात कोकणात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा भर पावसात हे काम काढूच नये.

अर्धा-पाऊण तास थांबूनही काही हालचाल नसेल तर पुढील क्रम धरावा.

चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा, आत असेल तर झाकण उघडून तिचा कनेक्टर सोडवा. पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून पाहा. फरक नसेल तर रॅम काढून, पुसून पुन्हा बसवा. घड्याळाची गोल बॅटरी निघत असेल तर ती काही मिनिटे काढून ठेवा.

यानंतर लॅपटॉप खरोखर मुका आहे की फक्त आंधळा आहे, हे तपासा. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागून विझत असेल तर बायोस जिवंत असण्याची शक्यता मोठी, दोष पडद्याकडे असू शकतो. एचडीएमआय वायरीने टीव्ही जोडून पाहा. दिवे ठरावीक तालात लुकलुकत असतील तर ते मोजा. डेलच्या पुष्कळ मॉडेलमध्ये बॅटरीचा दिवा २ वेळा पिवळा व २ वेळा पांढरा लुकलुकला तर बोर्ड किंवा बायोसमध्ये बिघाड आहे, आणि २ वेळा पिवळा व ३ वेळा पांढरा झाला तर रॅम सापडत नाही, असा अर्थ असतो. एचपीमध्ये कॅप्स लॉकचा दिवा अशीच खूण देतो. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. आपल्याकडे जास्त येणाऱ्या मॉडेलचे तक्ते कारागिराने छापून भिंतीवर लावावेत.

पेनड्राइव्हनेच पुन्हा जीव येतो

कंपन्यांनाही ठाऊक आहे की अपडेट मध्येच तुटू शकते. म्हणून अनेक लॅपटॉपच्या चिपमध्ये एक छोटा भाग सहसा न पुसला जाणारा ठेवलेला असतो. बाकीचे सारे उडाले तरी तो पेनड्राइव्ह वाचू शकतो. फक्त त्याला हाक कशी मारायची हे माहीत हवे.

एचपीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये रीत अशी आहे. दुसऱ्या एखाद्या विंडोज संगणकावर त्याच मॉडेलची बायोसची फाइल चालवावी आणि 'रिकव्हरी यूएसबी' बनवण्याचा पर्याय निवडावा. तो पेनड्राइव्ह बंद लॅपटॉपला लावून विंडोजचे बटण व बी ही दोन्ही दाबून धरावीत, त्याच वेळी पॉवरचे बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडावे आणि पहिली दोन तशीच धरून ठेवावीत. थोड्या वेळाने आवाज येतो किंवा पडद्यावर पट्टी दिसते. काही मॉडेलमध्ये बीऐवजी व्ही असते.

डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये कंपनीच्या फाइलचे नाव बदलून 'बायोस_आयएमजी' ठेवावे लागते आणि बिंदूनंतर 'आरसीव्ही' ही अक्षरे लागतात. येथे एक खाचखळगा आहे. विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट लपवून ठेवते. आपण 'आरसीव्ही' लिहितो, पण मागे जुने 'ईएक्सई' तसेच लपून राहते आणि लॅपटॉप फाइल ओळखत नाही. शेपूट दाखवण्याचा पर्याय आधी चालू करावा, मग नाव बदलावे. पेनड्राइव्ह लावून, चार्जर काढून, कंट्रोल व एस्केप ही बटणे दाबून धरावीत आणि तशीच धरून चार्जर लावावा. दुरुस्तीची खिडकी येते.

डेलच्या नव्या मॉडेलमध्ये बायोसची एक प्रत डिस्कवरही ठेवलेली असते आणि ही खिडकी ती तिथून उचलू शकते. म्हणून बंद पडलेल्या लॅपटॉपची डिस्क काढून ती घाईघाईने फॉरमॅट करू नये. असे करणारा कारागीर गिऱ्हाइकाचा डाटाही घालवतो आणि दुरुस्तीची सोपी वाटही बुजवतो.

चिपळूणच्या व्यापाऱ्याचा लॅपटॉप याच मार्गाने उठला. तरुण कारागिराने जुनाच ८ जीबीचा पेनड्राइव्ह नव्याने फॉरमॅट केला, खालच्या पट्टीवरचा क्रमांक पाहून फाइल उतरवली, नाव बदलले, बटणे धरली आणि हात बाजूला घेऊन चहा मागवला. पंधरा-वीस मिनिटांनी पडदा उजळला. बोर्ड गेला नव्हताच.

शेवटचा उपाय : चिप लिहिणे

हाकेला लॅपटॉप उत्तर देत नसेल तर चिप बाहेरून लिहावी लागते. त्यासाठी 'सीएच३४१ए' नावाचा प्रोग्रामर काही शे रुपयांत मिळतो आणि चिपवर बसणारा चिमटाही मिळतो. साधन स्वस्त आहे म्हणून काम सोपे आहे, असे मात्र समजू नये.

पहिली गोष्ट, काम सुरू करण्याआधी मुख्य बॅटरी आणि घड्याळाची बॅटरी दोन्ही सोडवावीत. दुसरी, चिपवरचा क्रमांक भिंगातून वाचावा. काही चिप ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ व्होल्टच्या. १.८ व्होल्टच्या चिपला मधला अडॅप्टर न लावता हात घातला तर ती जळते. या प्रोग्रामरच्या जुन्या काळ्या पाटीत आणखी एक दोष आहे. चिपला वीज ३.३ व्होल्टची जाते, पण बाकीच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. तो सुधारून घेतलेला किंवा व्होल्टेज बदलता येणारा प्रोग्रामर घ्यावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, काहीही पुसण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचून घ्यावा आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते पाहावे. जुळत नसतील तर चिमटा नीट बसलेला नाही. ही मूळ प्रत जपून ठेवावी. लॅपटॉपचा सिरियल क्रमांक, विंडोजची किल्ली आणि बऱ्याचदा वायरच्या नेटवर्कचा पत्ता हे सारे त्याच मजकुरात असते. दुसऱ्या लॅपटॉपची प्रत तशीच चढवली तर लॅपटॉप चालू होईलही, पण तो कागदोपत्री दुसऱ्याचा होतो. कंपनीची उतरवलेली फाइलही सरळ चिपवर लिहू नये, कारण तिच्यात बहुधा चिपचा एकच भाग असतो. मूळ प्रतीतला बिघडलेला भाग तेवढा बदलायचा आणि गिऱ्हाइकाचे क्रमांक त्याला परत द्यायचे, हीच खरी कारागिरी.

काही नव्या लॅपटॉपमध्ये चिपला बाहेर आलेले पाय नसतात, तिथे चिमटा बसत नाही. ज्याच्याकडे गरम हवेच्या सोल्डरिंगचा हात नाही त्याने असे काम घेऊ नये आणि जाणकाराकडे पाठवावे. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर तो उघडायचाच नाही, आधी कंपनीच्या केंद्रात न्यायचा.

अठ्ठेचाळीस आकड्यांचे कुलूप

आता हकीकतीचा उरलेला भाग. पडदा उजळल्यावर सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला, तोच निळी खिडकी आली आणि तिने ४८ आकड्यांची किल्ली मागितली. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. पुराच्या वेळी वह्या निदान डोळ्यांसमोर भिजल्या होत्या. येथे सारा हिशेब आत सुखरूप आहे आणि तरी हाती लागत नाही.

हे 'बिटलॉकर' आहे. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा आत शिरले की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोस बदलला की त्या कुलपाला वाटते की कोणीतरी परक्याने हात घातला, आणि ते किल्ली मागते. ही किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, जे लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना वापरले होते. निळ्या खिडकीवर किल्लीचा ओळख क्रमांक असतो, त्याची पहिली आठ अक्षरे खात्यातील यादीशी जुळवायची.

व्यापाऱ्याचे स्वतःचे खाते नव्हते. लॅपटॉप घेतला तेव्हा मोठ्या मुलाने आपल्या ई-मेलवर तो सुरू केला होता आणि तो मुलगा आता नोकरीसाठी आखातात आहे. फोन लावला, त्याला खात्याचा पासवर्ड आठवेना. तो नव्याने मिळवण्यात संध्याकाळ गेली. रात्री उशिरा किल्ली सापडली आणि १९ तारखेला विवरण भरले गेले. ती सापडली नसती तर कोणत्याही कारागिराला तो हिशेब काढता आला नसता. 'कुलूप तोडून देतो' असे सांगून पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून बायोसला हात लावण्याआधी ही किल्ली छापून तिजोरीत ठेवावी. जिथे बिटलॉकरचा पूर्ण पर्याय आहे तिथे अपडेटपुरते ते तात्पुरते थांबवता येते, तसे करावे.

अपडेटनंतरच्या दोन लहान अडचणीही ध्यानात असाव्यात. डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची ही नोंद बदलली तर विंडोज चालू होत नाही. आधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर जुनी नोंद परत लावता येते. आणि तारीख-वेळ बिघडली तर बँकेची व जीएसटीची पाने उघडत नाहीत. तारीख दुरुस्त केली की काम होते.

अपडेट करावेच का?

ज्या लॅपटॉपला काही त्रास नाही त्याला केवळ हौस म्हणून हात लावू नये. नवी फाइल आली की पहिल्याच दिवशी चढवण्याचीही घाई नको. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील 'स्पेक्टर' दोषावर उपाय म्हणून नवे फर्मवेअर निघाले. पण संगणक आपोआप बंद-चालू होऊ लागल्याने २२ जानेवारीला इंटेलनेच ते थांबवण्यास सांगितले आणि डेल, एचपी यांनी ती अपडेट मागे घेतली. चार आठवडे थांबल्याने बहुधा काही बिघडत नाही.

परंतु अपडेट कधीच करू नये, हेही चूक आहे. सुरक्षेचे गंभीर दोष बायोसमध्येही निघतात. विंडोज सुरू होताना तपासली जाणारी 'सिक्युअर बूट'ची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतीबाहेर जातात. नवी प्रमाणपत्रे बसण्यासाठी काही लॅपटॉपना बायोसचे अपडेटही लागते. म्हणजे ज्यांनी कधी बायोसचे नाव ऐकले नव्हते त्यांचेही लॅपटॉप या कामासाठी टेबलावर येणार. जो कारागीर हे काम शांतपणे आणि क्रमाने करील त्याला काम कमी पडणार नाही.

कारागिरांसाठी

काम घेतानाच गिऱ्हाइकाला दोन गोष्टी लिहून द्याव्यात : तपासणीचे किती, आणि चिप लिहावी लागली तर किती. हिशेबाची दुसरी प्रत आहे का हे आधी विचारावे, नसेल तर डिस्क काढून ती प्रथम घ्यावी. ज्या साधनाने बायोस जिवंत होतो त्याच साधनाने बायोसचा पासवर्डही निघतो. म्हणून पासवर्ड काढून मागणाऱ्याकडून खरेदीचे बिल पाहिल्याशिवाय हात घालू नये. चोरीचा माल ओळखीच्या माणसाच्या हातूनही येतो.

आणि निकाल देण्याची घाई करू नये. चिपळूणच्या प्रकरणात पहिल्या दुकानाने चौदा हजार सांगितले, दुसऱ्याने पाचशे घेतले. त्या पाचशेत त्याने एक कायमचे गिऱ्हाईक मिळवले. आज बाजारपेठेतील निम्म्या दुकानांचे लॅपटॉप त्याच्याकडे जातात.

व्यापाऱ्यांनी एवढे करावे. दर आठवड्याला हिशेबाची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुकानात नव्हे, घरी ठेवावी. बिटलॉकरची किल्ली कागदावर असावी. लॅपटॉप कोणाच्या खात्यावर सुरू केला आहे हे घरात निदान दोघांना ठाऊक असावे. विवरण भरण्याच्या आठवड्यात बायोसला हात लावू नये. आणि कोणी 'बोर्ड गेला' म्हणाला तर एवढेच विचारावे, "भाई, तुम्ही चिप वाचून पाहिली का?"

वाचकांपैकी ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी आपले अनुभव आम्हाला जरूर कळवावेत. इतरांच्या उपयोगी पडतील.